मुलांना घरी ठेवून आठ दिवस लिस्बनला: कुणी गेलंय का?

शेवंती_फोंडा | ११ ऑगस्ट

नमस्कार मंडळी,

आम्ही फोंड्याला राहतो. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहा. मुलगी झाल्यापासून आम्ही दोघं एक रात्रसुद्धा मुलांशिवाय कुठे राहिलेलो नाही. एकमेकांशी बोलणं म्हणजे डबे, फिया, क्लासची वेळ, गॅस संपलाय का. भांडण नाही, काही नाही, पण मागच्या महिन्यात गाडीतून मडगावला जाताना मुलं सोबत नव्हती, आणि आम्हाला बोलायला विषयच सुचला नाही. बोरी पुलापर्यंत गप्प होतो. त्या रात्री ह्यांनीच विषय काढला की आपण दोघं कुठेतरी जाऊ या.

लिस्बन का, ते सांगते. माझं माहेर पणजीला, मळा नावाच्या भागात. शेजारच्या म्हाताऱ्या आजींच्या भिंतीवर निळ्या फरश्यांचं एक चित्र होतं: रुंद नदी, काठाला मोठा चौक, चौकाच्या मागे कमान. लहानपणी मी विचारायची, ही मांडवी का? त्या म्हणायच्या, "न्हंय गो बाय, ही तेजु." लिस्बनची ती नदी बघायची आहे. चवथ (गणेश चतुर्थी) झाली की ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघू, शुक्रवार ते शुक्रवार. व्हिसाची तारीख पुढच्या आठवड्यात आहे.

घरी सासूबाई (६८), सासरे (७३) आणि सासऱ्यांचे थोरले भाऊ आहेत. सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, जा. मुलीची चिंता नाही. मुलगा मात्र अजून रात्री माझा हात धरून झोपतो. ह्यांचं म्हणणं, त्याला आधी सांगायचं नाही, पहाटे तो झोपेत असताना निघायचं, उठल्यावर आजी समजावेल. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही कळत नाही. कुणी गेलं असेल तर सांगा. काय चुकलं तेही सांगा.

मांडवीपार | ११ ऑगस्ट

जरूर जा. आमची जुळी सात वर्षांची असताना आम्ही पाच दिवस गेलो होतो (युरोप नव्हे, केरळ). आम्ही काय केलं ते लिहिते.

आधी एक रंगीत तालीम केली. शनिवार-रविवार आम्ही माझ्या बहिणीकडे म्हापशाला राहिलो आणि मुलं आजीकडे. सासूबाईंना मुलीच्या दम्याचा पंप कसा द्यायचा ते येत नाही, हे त्या दोन दिवसांत कळलं. पर्वरीहून म्हापसा काही लांब नाही, धावत आले आणि शिकवलं. केरळात असते तर?

साध्या कागदावर एक पत्र लिहून दोघांनी सही केली: आमच्या गैरहजेरीत मुलांच्या उपचारांचे निर्णय आजी-आजोबा घेतील. सोबत मुलांच्या आधारची प्रत, विम्याचं कार्ड, नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर. मुलांचं वजन मुद्दाम लिहून ठेवा. तापाच्या औषधाचं प्रमाण वजनावर असतं, आणि घाईत आजीला नेमकं तेच आठवत नाही. डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, किती मिली, किती तासांनी. वर्गशिक्षिकेलाही कळवून ठेवा, मुलाला घ्यायला कोण येणार ते.

रानवारा | ११ ऑगस्ट

शेवंतीताई, मी मोकळेपणानं लिहिते, राग मानू नका. मी केलं होतं तेच जे तुमचे मिस्टर म्हणतात.

मुलगा चार वर्षांचा होता. बेंगळुरूला नात्यातलं लग्न, तीन दिवस. माझ्याच आईनं सुचवलं, झोपेत असताना नीघ, रडणार नाही. आणि खरंच तो त्या तीन दिवसांत फारसा रडला नाही. पण आम्ही परत आल्यावर पुढचे कितीतरी महिने तो रात्री उठून माझ्या अंगावर हात फिरवून बघायचा. दुपारी झोपायचं टाळायचा. झोपलो की आई जाते, हे त्याच्या मनात बसलं होतं. आज तो नऊचा आहे, तरी मी भाजी आणायला निघाले की विचारतो, परत कधी येणार.

सहा वर्षं मला लहानच वाटतात. मी असते तर अजून दोन वर्षं थांबले असते. जाणारच असाल तर निदान असं चोरून जाऊ नका.

मोपा_रोज | १२ ऑगस्ट

प्रवासाचं थोडं, कारण माझं कामच तिकिटांचं.

गोव्याच्या मोपा किंवा दाबोळी विमानतळावरून थेट लिस्बन नाही. आखातातल्या एखाद्या शहरात विमान बदला, नाहीतर मुंबईला जाऊन तिथून पुढे. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. स्वस्त पडतं म्हणून लोक गोवा-मुंबई वेगळं काढतात, मग पावसानं पहिलं विमान लांबलं की पुढच्या विमानाची जबाबदारी कुणी घेत नाही.

पोर्तुगालला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. ऑक्टोबरसाठी तुम्ही वेळेत आहात. फी मोठ्या माणसाला ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला.

फोनच्या वेळा आत्ताच ठरवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, नंतर साडेपाच. म्हणजे तुमची मुलं संध्याकाळी सातला दिवा लावून बसतील तेव्हा तिथे दुपारचे अडीच. ह्यापेक्षा सोयीची वेळ नाही.

माशेलकार | १२ ऑगस्ट

आम्ही नवरा-बायको वेगवेगळ्या विमानांनी गेलो होतो, मुलांचा विचार करून. आज वाटतं की ती फक्त भीती होती. तेच दोघं रोज एकाच गाडीतून चोर्ला घाट उतरतो, तेव्हा हा विचार कधी केला नाही. एकत्र जा. जाण्याचं कारणच ते आहे ना.

आजी_साखळी | १२ ऑगस्ट

मी ह्या धाग्यावर दुसऱ्या बाजूची. माझ्याकडे नातवंडं दहा दिवस ठेवून मुलगा-सून गेली होती. तेव्हा मी सत्तर वर्षांची होते.

शेवंती, तू सासूबाईंना यादी देशील. दे, औषधांची दे. पण जेवणाची, झोपेची, अभ्यासाची देऊ नकोस. माझ्या सुनेनं फ्रिजवर तक्ता लावला होता: किती वाजता काय. मी पहिले दोन दिवस त्या तक्त्याला भीत होते. तिसऱ्या दिवशी पोरं म्हणाली आजी आज पेज-सुकें कर, आणि चौघं मिळून ओसरीवर बसून पेज जेवलो. त्यानंतर माझं घर माझं झालं. धाकट्याला मी रहाटानं पाणी ओढायला शिकवलं. तो अजून सांगतो सगळ्यांना.

आणि फोन दिवसाला एकच. पोर खेळात रमलेलं असतं, आईचा चेहरा दिसला की त्याला आठवतं की आई नाही. मग फोन ठेवल्यावर अर्धा तास ते आम्हाला सांभाळावं लागतं, तुम्हाला नाही. तुमचं मन हलकं व्हावं म्हणून फोन करू नका, पोराला हवा तेव्हा करा.

झोपेत टाकून जाऊ नकोस गो. रडू दे. रडून निरोप दिलेलं पोर वाट बघतं, ज्याला निरोपच मिळाला नाही ते शोधत राहतं.

शेवंती_फोंडा | १२ ऑगस्ट

आजी, तुमचं शेवटचं वाक्य मी ह्यांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण रात्री म्हणाले, सांगू या त्याला.

रानवारा, राग कशाला येईल. तुम्ही लिहिलं नसतं तर कदाचित आम्ही तसंच निघालो असतो.

आल्तिनो | १३ ऑगस्ट

शेवंती बाय, मी जुना माणूस, पणजीत पोर्तुगीज शाळेत बसलेला. १९६१ साली बारा वर्षांचा होतो. तुझी नदी ओळखली. चित्रातला चौक म्हणजे तेर्रैरू दू पासू, राजवाड्याचं अंगण. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणादिवशी, लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला, नदीला लाट आली, आग लागली आणि तो राजवाडा गेला. पुढे पोंबाल नावाच्या मंत्र्यानं खालचं शहर सरळ रेघांत पुन्हा बांधलं, भिंतींच्या आत लाकडी सांगाडे घातले, म्हणजे जमीन हलली तरी घर तग धरेल. ती कमान त्या नव्या शहराचं दार.

मुलांसाठी एक सुचवतो. आपण घरात जे शब्द रोज वापरतो त्यातले कितीतरी तिथून आले: पाव, बटाटा, चावी, कोबी, अननस, फीत, परात, घमेलं, पिंप, बिजागरी, लिलाव, पगार. रोज एक वस्तू शोधा, तिचा फोटो पाठवा, आणि तिथले लोक तो शब्द कसा म्हणतात ते तुमच्या आवाजात पाठवा. मुलांनी घरातला शब्द ओळखायचा. 'आठवण येते का' असं विचारलं की पोर रडतं. त्याला काम दिलं की ते वाट बघतं, पण कामासाठी.

शेवंती_फोंडा | २ सप्टेंबर

चवथीच्या गडबडीत लिहायचं राहिलं. व्हिसा आला. मुलांना सांगितलं. मुलीनं ताबडतोब विचारलं, "मला का नाही?" मी खोटं बोलले नाही. म्हटलं, आम्हाला दोघांनाच जायचं आहे. ती दोन दिवस फुगून बसली. मुलगा म्हणाला बरं, आणि खेळायला गेला. त्याला अजून आठ दिवस म्हणजे किती ते कळत नाही, असं वाटतं.

पण वेगळीच एक गोष्ट झाली, म्हणून लिहितेय. थोरल्या काकांना (वय ८४) कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पोर्तुगालात?" आणि माटोळीच्या (गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या) फळांना दोऱ्या बांधायचं काम खाली ठेवून उठून गेले. दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. सासरे म्हणाले, तो लहानपणी बेतीला मामाकडे शिकायला होता, मांडवीच्या पलीकडे, तिथल्या पोलीस चौकीवर हल्ला झाला त्या रात्री तो तिथेच होता. तिसऱ्या दिवशी काका स्वतः आले. म्हणाले, "जाता तर रानडे मास्तरांना कुठे ठेवलं होतं ते बघून या. मला सांगा."

आल्तिनो सर, तुम्हाला ह्याबद्दल माहीत असेल. आम्हाला शाळेत चार ओळी होत्या, त्यापलीकडे काही नाही. लाज वाटली.

आल्तिनो | २ सप्टेंबर

लाज नको. आमच्या पिढीनंच नीट सांगितलं नाही.

मोहन रानडे मूळ सांगलीचे. मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात आले आणि गोवामुक्तीसाठी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात गेले. बेतीच्या चौकीवरचा हल्ला १९५५ च्या ऑक्टोबरातला. गोळी लागून जखमी झाले, पकडले गेले, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. त्यांना पोर्तुगालात नेऊन काशियशच्या किल्ल्यात ठेवलं. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला, पण रानडे सुटले १९६९ च्या जानेवारीत. आम्ही इथे मतदान करत होतो, आमदार निवडत होतो, आणि तो माणूस तिथे कोठडीत होता. ह्या सात वर्षांचा विचार मी अनेकदा करतो.

काशियश लिस्बनहून कश्काइशला जाणाऱ्या लोकल मार्गावर आहे, काइश दू सोद्रे स्थानकातून गाडी पकडायची. किल्ला अजूनही तुरुंग आहे, आत सोडणार नाहीत. पण शहरातच, मोठ्या कॅथेड्रलजवळ, अल्जूब आहे. हुकूमशहा सालाझारच्या काळात राजकीय कैद्यांचा तुरुंग, २०१५ पासून संग्रहालय. ते आतून बघता येतं. गोवामुक्तीसाठी लढलेल्या डॉ. पुंडलिक गायतोंडे ह्यांना १९५४ मध्ये अटक करून लिस्बनला नेलं होतं. त्याच लढ्यातले त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, त्यांना त्याआधी, १९४६ च्या खटल्यानंतर, पेनीशच्या किल्ल्यात ठेवलं. पेनीश लांब, शंभरेक किलोमीटर, तुमच्या दिवसांत बसेल का बघा.

काकांना माझा नमस्कार सांग.

मांडवीपार | ३ सप्टेंबर

अंगावर काटा आला. जाऊन आल्यावर लिहाच.

शेवंती_फोंडा | १९ ऑक्टोबर

आलो. लिहायला आठवडा गेला, कारण आल्याबरोबर दिवाळीची साफसफाई.

निघायच्या आदल्या रात्री सासूबाईंनी एका वाटीत आठ चिंचोके ठेवले. मुलाला म्हणाल्या, रोज रात्री झोपायच्या आधी एक चिंचोका काढून तू खिडकीबाहेर टाकायचा, वाटी रिकामी झाली की आई-बाबा. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली नाही. पहाटे साडेतीनला निघालो तेव्हा त्याला उठवलं. रडला. माझ्या ओढणीचा शेव सोडत नव्हता, शेवटी ओढणीच देऊन आले. गाडीत मी कुर्टीपर्यंत रडले आणि ह्यांनी एक शब्द न बोलता मला रडू दिलं.

पहिला दिवस विमानातच गेला. दुसऱ्या दिवशी खालच्या शहरात, बायशामध्ये, एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. मालकीणबाईंनी हातात जुनी, वीतभर लांब किल्ली दिली आणि म्हणाल्या, "शाव." आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पहिला शब्द न शोधताच मिळाला. फोटो पाठवला. मुलानं ओरडून सांगितलं, "चावी!", आणि मग विचारलं, त्यांनी आपला शब्द घेतला का? सासऱ्यांनी त्याला उलटं कसं ते समजावलं, पण त्याला ते पटलेलं नाही.

नदी बघितली. चौकातून दोन खांबांपाशी दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. तिथे आम्ही तास-दीड तास बसलो. मांडवीपेक्षा खूपच रुंद, पलीकडचा काठ धूसर. चौकापेक्षा, कमानीपेक्षा मला आठवतं ते हे बसणं. तासभर कुणी "आई" अशी हाक मारली नाही. आधी ते जड गेलं. मी सारखी मागे वळून बघत होते. मग ह्यांनी त्यांच्या कारखान्यातली एक गोष्ट सांगायला सुरुवात केली, दोन वर्षांपूर्वीची, त्यांची बढती कशी गेली ती. मला तेव्हा एवढंच माहीत होतं की गेली. ते किती दिवस रात्री गच्चीवर जाऊन बसत होते ते मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, फोनवर बोलायला जातात. एकाच घरात, एकाच पलंगावर.

चालण्याबद्दल: शहर चढउताराचं आहे आणि पदपथ बारीक गुळगुळीत पांढऱ्या दगडांचे. पाऊस पडला की घसरतात. मी आपल्या नेहमीच्या चपला नेल्या होत्या, दुसऱ्याच दिवशी रबरी तळव्याचे बूट घेतले. अठ्ठावीस नंबरची ट्राम सगळे सांगतात म्हणून एकदा बसलो, फार गर्दी, खिसेकापूंपासून सावध राहायला सांगणाऱ्या पाट्या. सकाळी लवकर गेलात तरच बसा. नाहीतर अल्फामा ह्या जुन्या वस्तीच्या पायऱ्या पायीच चढा. दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, खिडकीतल्या कुंड्या, खाली बोलत बसलेल्या बायका. मळ्यातल्या माझ्या माहेरच्या गल्लीत आल्यासारखं वाटलं. निळ्या फरश्या तर दारोदारी.

खाण्याचा प्रश्न आला नाही. मासे खाणाऱ्याला तिथे काही कमी नाही. भाजलेली तारली मिळाली, जाड मिठात, पण मोसम उन्हाळ्यातला, ऑक्टोबरात बारीक होती. काल्दू वेर्द नावाचं सूप मिळतं, बटाट्याच्या पातळ रश्शात हिरव्या पानांच्या बारीक चिरलेल्या रेघा. ती पानं म्हणजे कोव, आपल्या कोबीची बहीण. चहाच्या दुकानांत काचेच्या कपाटात चामुसा, म्हणजे आपला समोसा, तिकडचाच असल्यासारखा बसलेला. शाकाहारी मंडळींनी मात्र आधी विचारून घ्यावं, सुपातसुद्धा डुकराच्या सॉसेजची चकती असते.

बेलेंला जेरोनिमुश मठात गेलो. चर्चमध्ये शिरल्याबरोबर एका बाजूला वास्को द गामाची कबर, दुसऱ्या बाजूला कवी कामोइंशची. लोक फोटो काढत होते. माझं मन तिथे रमलं नाही. दगडाचं कोरीवकाम अप्रतिम आहे: दोरखंड, प्रवाळ, पानं, सगळं दगडात. पण सारखं वाटत राहिलं की ह्या वैभवाला पैसा कुठून आला ते ह्या खांबांवर कुठे लिहिलेलं नाही. मिरी आणि मसाल्यांच्या व्यापारावरच्या कराचा पैसा ह्या बांधकामाला गेला, तो समुद्रमार्ग आमच्या किनाऱ्यापर्यंत आला. हे मी मुलीला घरी आल्यावर सांगितलं. ती म्हणाली, "मग तू तिथे गेलीसच का?" मी म्हटलं, हे सांगता यावं म्हणून. तिला उत्तर पुरेसं वाटलं नाही. तिच्या वयाला नाहीच पुरणार.

मंगळवारी अल्जूब बघितलं. वर जुनं मोठं चर्च, समोर ट्रामचा वळसा, आणि ही साधी पिवळट भिंतींची इमारत. आत कोठड्या दाखवल्या आहेत, माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या. एकट्याला आठवडेच्या आठवडे त्यात ठेवायचे. पोर्तुगीजच माणसं, त्यांच्याच सरकारनं कोंडलेली: कामगार, विद्यार्थी, लेखक. वरच्या मजल्यावर वसाहतींमधल्या लढ्यांबद्दल आहे. एक शाळकरी वर्ग आला होता, पंधरा-सोळा वर्षांची मुलं, त्यांचे शिक्षक हळू आवाजात सांगत होते, आणि ती मुलं शांत उभी होती. मला थोरल्या काकांना हे सांगायचं होतं की पोर्तुगीजांची मुलं हे बघायला येतात.

त्या दिवसाचा शब्द तुरुंग. सर, तुमच्या यादीत नव्हता, पण तुम्हीच नंतर कळवला होता, 'त्रोंकु' वरून आला. मुलांना फोटो पाठवू की नको, विचार केला. मुलीला पाठवला, मुलाला त्या दिवशी ट्रामची घंटा पाठवली.

दुसऱ्या दिवशी काशियशची गाडी पकडली. नदीला धरून जाते, डाव्या हाताला पाणी, पुढे समुद्रच. ह्यांनी फोन हातात धरून ठेवला होता, आणि डब्यात स्थानकाचं नाव पुकारलं ते रेकॉर्ड केलं. उतरलो. शांत गाव, स्थानकासमोर समुद्र, मुलं लाटांवर फळी घेऊन जात होती. किल्ल्याच्या दिशेला थोडं चाललो, जास्त जवळ गेलो नाही. तिथे कुणाला दिसेल असं करण्यासारखं काही नव्हतं. दहा मिनिटं उभे राहिलो. समुद्राचा वारा घरच्यासारखाच खारा. इतकी वर्षं त्या माणसाला हा वास येत असेल का, एवढंच माझ्या मनात आलं. रेकॉर्ड केलेला आवाज सासऱ्यांच्या फोनवर पाठवला. सासूबाई सांगतात, काकांनी कानाला लावून दोनदा ऐकला आणि मग माझ्या मुलाला जवळ बसवून बेतीची सगळी रात्र सांगितली. आजवर त्यांनी ती घरात कुणालाच सांगितली नव्हती, सासऱ्यांनासुद्धा नाही. आम्ही घरी असतो तर मुलगा आमच्या खोलीत कार्टून बघत असता.

फोनबद्दल: आजी, तुमचं ऐकलं. रोज सातला एकदाच. तिसऱ्या दिवशी मुलगा फोनवर आलाच नाही, आजोबांबरोबर पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलमागे गेला होता. मी त्या दिवशी दुपारभर उदास होते. त्याला माझी गरज नाही असं नाही, पण ती दर तासाला नाही, हे पचवायला मला लिस्बनलाच जावं लागलं. गुरुवारी रात्री मुलीला थोडा ताप आला. सासूबाईंनी वजनाची चिठ्ठी बघून औषध दिलं, डॉक्टरांना फोन केला आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी, ताप उतरल्यावर सांगितलं. पहिल्यांदा मला राग आला. मग विमानतळावर बसून विचार केला, तेव्हा कळवलं असतं तर मी काय करणार होते.

शुक्रवारी रात्री साडेआठला घरी पोचलो. मुलगी धावत आली. मुलगा वाटी घेऊन आला. वाटीत एक चिंचोका उरला होता, कारण तो झोपायच्या आधी टाकायचा असतो. तो म्हणाला, "अजून एक आहे. तुम्ही आज यायचं नव्हतं." त्याचा हिशेब बरोबर होता. त्यानं माझ्या मांडीवर बसून जेवण केलं, सगळं सांगितलं, मग चिंचोका खिडकीतून टाकला आणि आजीच्या खोलीत झोपायला गेला. मी दाराशी उभी राहिले. सकाळी सहाला येऊन माझ्या पांघरुणात शिरला.

आजी_साखळी | १९ ऑक्टोबर

चिंचोक्याचं तुझ्या सासूबाईंना माझ्याकडून सांग, मी पण करणार. डिसेंबरात माझ्याकडे धाकटीची मुलं आहेत.

रानवारा | २० ऑक्टोबर

दोनदा वाचलं. माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही, माझ्या मुलाची गोष्ट वेगळी आहे, त्याला मीच ती भीती लावली. पण आम्ही नाताळात दोन रात्री मालवणला जायचं ठरवतोय. त्याला आज सांगितलं. त्यानं विचारलं, "मी झोपलेला असताना?" मी म्हटलं, नाही, तू जागा असताना, तू गाडीचं दार लावायचंस.

आल्तिनो | २० ऑक्टोबर

शेवंती बाय, काकांना भेटायला मी फोंड्याला आलो तर चालेल का? त्या रात्री पणजीहून, नदीच्या ह्या बाजूने, आम्ही घरात दिवे विझवून बसलो होतो. मी सहा वर्षांचा होतो. पलीकडच्या काठाला कोण होतं ते मला विचारायचं आहे.

शेवंती_फोंडा | २० ऑक्टोबर

सर, काका म्हणतात, रविवारी या, जेवायलाच या. पत्ता खासगी निरोपात पाठवते.

केवडा_काणकोण | २१ ऑक्टोबर

फीत मिळाली का? सरांच्या शब्दांच्या यादीत ती होती ना?

शेवंती_फोंडा | २१ ऑक्टोबर

हो, लिहायचंच राहिलं. बायशामध्ये रूआ दा कोंसेइसांव नावाचा रस्ता आहे, तिथे जुनी बटणं-दोरे-लेसची दुकानं आहेत, लाकडी खणांची, छतापर्यंत. म्हाताऱ्या दुकानदारांना म्हटलं, "फीत." त्यांनी "फीता?" म्हणत बोटानं रुंदी विचारली. जांभळी घेतली, दोन मीटर. मुलीनं आम्ही आलो त्या दिवशी हातही लावला नाही. काल शाळेत जाताना वेणीला बांधून गेली.